विटांवरची गाडी

थोरल्या लेकीचं नर्सरीतलं हंगामाचं काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी गाडी अंगणाच्या मधोमध घेतली. मागच्या आसाखाली दोन्ही बाजूंनी विटा रचल्या आणि चाकं जमिनीपासून चार बोटं वर आल्यावर थोरलीला म्हणाले, "बस वर. मूठ पीळ."

"विटांवरून कुठं निघाल्या वन्सं?" वहिनीनं भांडी घासता घासता विचारलं.

"कुठं नाही. गाडी रिकामी करायची आहे," आबा म्हणाले.

थोरली हातांवर जोर देऊन सीटवर चढली. तिसऱ्या वर्षी आलेल्या तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. आता ती छत्तीस वर्षांची होती आणि तिचे खांदे भावापेक्षा रुंद होते. गाडी म्हणजे विजेवर चालणारी तीन चाकांची सायकल. चालता न येणाऱ्यांसाठी तालुक्याला शिबिर भरलं होतं, तिथं तिला ती चार महिन्यांपूर्वी मिळाली होती. पायडल नव्हतं. सीटखालच्या पेटीत दोन बॅटऱ्या, उजव्या हाताला पिळायची मूठ आणि समोर चार हिरवे दिवे. बॅटऱ्या भरलेल्या असल्या की चारही दिवे लागत.

तिनं मूठ पिळली. चाकं हवेत फिरू लागली. लवकर संपावं म्हणून आबांनी एका चाकावर गोणपाट दाबून धरलं.

आबा दुसऱ्यांच्या पिकांवर औषध फवारायचे. त्यांचा पंप पितळी होता आणि त्याला बावीस वर्षं झाली होती. हंगाम संपला की ते तो तीन पाण्यांनी धुवायचे, नळीतून नुसती हवा येईपर्यंत दांडा मारायचे, चामड्याच्या वॉशरला तेल लावायचे आणि पंप उलटा करून खुंटीला टांगायचे. बाकीच्यांचे पंप चार-पाच वर्षांत सडले, पण आबांच्या पंपाला कधी भोक बुजवायला डाग द्यावा लागला नव्हता. आत काही राहिलं की ते आतून खातं, असं त्यांचं म्हणणं होतं. ठेवायची वस्तू रिकामी आणि कोरडी करून ठेवायची.

दुपारी पहिला दिवा गेला. मग दुसरा, तिसरा. थोरलीचा हात भरून आला तेव्हा आबांनी मूठ सुतळीनं बांधून टाकली. सूर्य मावळायच्या सुमारास चाकं थांबली.

"झाली," थोरली म्हणाली.

सकाळी बघितलं तर एक दिवा परत लागला होता.

"बघ," आबा म्हणाले. "तळाला राहतंच थोडं. पंपाचंही असंच असतं." त्यांनी पुन्हा मूठ बांधली. तिसऱ्या दिवशी समोरचा मोठा दिवा रात्रभर लावून ठेवला, आणि तोही विझल्यावर त्यांचं समाधान झालं. गाडीबरोबर एक पुस्तिका आली होती, घरात कुणालाही न येणाऱ्या भाषेतली. ती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या ट्रंकेत, कागदपत्रांबरोबर ठेवली होती. शिबिरातल्या माणसानं ब्रेक दाखवला होता, चार्जरची पिन दाखवली होती आणि पुढच्या माणसाचा नंबर पुकारला होता.

आबांनी चाकं पुसली, साखळीला तेल दिलं, सीटवर जुनी गोधडी टाकली आणि वरून ताडपत्री बांधली. थोरलीनं ताडपत्रीचं एक टोक धरलं होतं. गाडी विटांवर आठ महिने राहिली.

उन्हाळ्यात एकदा ती म्हणाली, "बाजारात जाऊन येऊ का गाडीवरून? उगाच आपलं, बघायला."

"बाजार भाऊ करतोच की," आबा म्हणाले. "गाडी कामाची आहे. हंगामाला ताजी राहू दे."

तिला ते पटलं. तिनं ताडपत्रीवरची धूळ मात्र दर आठ दिवसांनी झटकली.

*

तिचं काम डोळे भरण्याचं, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवण्याचं. नर्सरीत संत्र्याची कलमं होत. जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चाकूनं छेद द्यायचा, एक आडवा, एक उभा. चाकूच्या हाडी मुठीच्या चपट्या टोकानं साल अलगद उकलायची. चांगल्या झाडाच्या कापून आणलेल्या डोळकाडीवरून एक डोळा सालीसकट काढायचा, त्या फटीत सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. झाडात रस चढता असला तरच साल सुटते. डोळा काढल्यापासून भरेपर्यंत सुकता कामा नये. हे सगळं सकाळच्या गारव्यात चांगलं होतं, ऊन चढलं की नाही.

इतर बाया दिवसभर कंबर मोडून वाकत. थोरली टायरचा तुकडा खाली बांधून वाफ्यातून बसल्या बसल्या सरकायची. रोपं तिच्या बरोबर छातीशी येत. बाकीच्या तीनशे भरत तेव्हा ती चारशे भरायची आणि तिचे शंभरातले नव्वद डोळे जगत. या एकाच कामात तिचे पाय कुणाच्या लक्षात येत नसत.

पावसानं त्या वर्षी पाठ फिरवली. नर्सरीच्या विहिरीचा तळ दिसू लागला तेव्हा मालकानं धरणाच्या मागच्या अंगाला जमीन घेतली आणि सगळे वाफे तिकडे हलवले. मुकादम सांगायला घरी आला. तो दारातच उकिडवा बसला.

"लांब आहे," तो म्हणाला. "बाया पायवाटेनं टेकडी ओलांडून येतील, अर्ध्या तासात. तुला रस्त्यानं यावं लागेल. दीड कोस. मधे घाटाचा चढ."

"गाडी आहे ना," थोरली म्हणाली. "पूर्ण भरली की दहा कोस जाते."

"हां, तुझं विमान." मुकादम हसला. "मग तर तूच सगळ्यांच्या आधी. सात म्हणजे सात बघ. नवीन जागा आहे, मालक स्वतः उभा असतो. गाडी यायच्या आधी भाऊ सोडायचा, तेव्हा उशीर झाला तर मी सांभाळून घेतलं. आता नाही जमायचं."

भाऊ आता खडीच्या क्रशरवर होता. तो पहाटे पाचला उलट्या दिशेला निघून जायचा.

आबांनी ताडपत्री सोडली. गाडी जशी ठेवली होती तशी होती, एक गंजाचा ठिपका नाही. चार्जर लावला तर दोन तासांत चारही दिवे हिरवेगार. गेल्या वर्षी पूर्ण रात्र लागायची.

"बघ कशी भुकेली होती," आबा म्हणाले. "आराम मिळाला की अंगी लागतं."

वहिनी म्हणाली, "मलाही ठेवा आठ महिने विटांवर."

आबासुद्धा हसले.

*

पहिल्या दिवशी ती सहाला निघाली. मांडीवर डबा, डब्यावर चाकू. गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर गाडी बरी पळाली, पण देवळापाशीच तिसरा दिवा गेला. चढ सुरू झाला तशी गाडी गुरगुरली, हळू झाली आणि सगळे दिवे एकदम विझले.

तिनं ब्रेक दाबून धरला. थोड्या वेळानं मूठ सोडली तर दिवे पुन्हा चारच्या चार लागलेले. तिनं पिळली. गाडी पन्नास पावलं गेली आणि थांबली. तिनं शंभर अंक मोजले, पुन्हा पिळली. तीस पावलं. दोनशे मोजले. वीस पावलं.

उजवीकडे टेकडीवर, पायवाटेनं बाया जाताना दिसत होत्या, रांगेनं, लहान लहान. त्यांतल्या एकीनं हात हलवला. थोरलीनंही हलवला. त्यांना वाटलं असेल, ती मजेत थांबली आहे.

एक ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं दोरानं गाडी मागे बांधली आणि माथ्यापर्यंत ओढून नेली. ती पोचली तेव्हा सव्वादहा झाले होते. सकाळी कापून ओल्या फडक्यात ठेवलेल्या डोळकाड्यांचे देठ वरून मऊ पडले होते.

"विमान उतरलं का?" एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. थोरली पण हसली आणि टायर बांधायला लागली.

मुकादमानं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि ती बघते आहे हे बघून पुन्हा एकदा बघितलं.

नव्या जागेत संडास बांधापलीकडे होता, सहा दगडी पायऱ्या उतरून. तिथं ती जाऊ शकणार नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिनं सकाळचं पाणी पिणं सोडलं.

*

रविवारी आबांनी गाडी ढकलत बॅटरीवाल्याकडे नेली. दुकान रस्त्याला लागून होतं. आबा बाहेर पायरीवर बसले आणि पंचानं मान पुसू लागले. थोरली खाली उतरल्यावर बॅटरीवाल्यानं सीट उचलली, दोन चिमटे लावले, यंत्राचा काटा बघितला. मग गाडीची मूठ पिळायला सांगून पुन्हा बघितला.

"नुसती उभी असली की भरलेली दाखवते, जोर लावला की बसते," थोरलीनं सांगितलं.

"बसणारच. वापरात होती का ही?"

"हंगामात होती. मधे आठ महिने ठेवली होती."

"चार्ज करून?"

थोरली म्हणाली, "नाही. रिकामी करून."

"मुद्दाम?"

"हो."

बॅटरीवाला माणूस वाईट नव्हता. त्यानं चिमटे काढले, हात पुसले. "ही शिशाची असते, ताई. आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब. रिकामी राहिली की पट्ट्यांवर पांढरा थर चढतो. पंधरा दिवसांत चढला तर निघतो. आठ महिन्यांत त्याचा दगड होतो. मग वीज आत जात नाही नि बाहेर येत नाही. भरलेली ठेवून महिन्याला एकदा चार्जर लावला असता तर तीन वर्षं चालली असती. रिकामी ठेवली म्हणून मेली."

"नवीन घातल्या तर?"

त्यानं किंमत सांगितली. तिची पूर्ण हंगामाची मजुरी घातली तरी एकच बॅटरी आली असती.

"शिबिरवाल्यांना विचारा," तो म्हणाला. "पण ते गाडी देतात, बॅटरी देत नाहीत. गाडीसुद्धा पाच वर्षांतून एकदा."

ती म्हणाली, "बाहेर आबा बसलेत. त्यांना सांगू नका."

"मी कशाला सांगतो."

आबा पायरीवरून उठले. त्यांनी गाडीची दांडी धरली. रस्त्याला लागल्यावर थोरली म्हणाली, "माल खराब होता म्हणतोय. कंपनीतूनच तसा आला."

"हं," आबा म्हणाले.



*

सोमवारी पहाटे पाचला आबा गाडीमागे उभे होते. डोक्याला पंचा बांधलेला, पायांत भावाचे जुने बूट.

"आबा, तुम्ही?"

"ब्रेक तू धर. मी ढकलतो."

ते सदुसष्ट वर्षांचे होते. सपाटीवर ते बरे चालत. चढाला लागले की दोन्ही हात सीटच्या पाठीला लावून, मान खाली घालून, छातीनं ढकलत. थोरलीला त्यांचा चेहरा दिसत नसे, फक्त श्वास ऐकू येई. आधी नाकातून, मग तोंडातून, मग माथ्याजवळ एक बारीक शिट्टी. पाठीला पंप लावून बावीस वर्षं औषध हुंगलेल्या छातीची शिट्टी. ती मुठीवर हात ठेवून असायची. मधूनच गाडी स्वतःहून वीस पावलं ओढायची, तेव्हा आबा मागं पळत पळत यायचे आणि म्हणायचे, "आहे, आहे अजून तिच्यात." त्या वीस पावलांसाठी ती रोज रात्री चार्जर लावायची.

ती पोचायची पावणेआठला. मग आबा तिथून धरणाकाठच्या मळ्यांत फवारणीला जायचे आणि संध्याकाळी तिला न्यायला यायचे. उताराला दोघांच्या मधे एक दोर असायचा. त्याचं एक टोक गाडीला, दुसरं आबांच्या कंबरेला.

पहिले दोन दिवस बायांनी चेष्टा केली. "विमानाला बैल लावला का गं?" तिसऱ्या दिवशी आबा वाफ्याच्या बांधावर बसले आणि त्यांना उठता येईना. एका बाईनं त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यानंतर चेष्टा थांबली, ते थोरलीला जास्त लागलं.

पंधराव्या दिवशी मुकादम तपासणीला आला. डोळ्याखाली देठाचा जो बारीक तुकडा ठेवलेला असतो, त्याला बोट लावायचं. हलका स्पर्श होताच तो गळून पडला तर डोळा जगला. सुकून चिकटून राहिला तर मेला. मुकादम तिच्या रांगेतून वाकून पुढे गेला आणि ती त्याच्या बोटाकडे बघत मागून सरकत राहिली. पडला. नाही. नाही. पडला. नाही.

"शंभरात पन्नास," तो रांगेच्या टोकाला म्हणाला. "तुझे, थोरले. मला वाटलं रांग चुकलो."

"उशिरा भरले ना. ऊन चढलं होतं. काड्या सुकल्या होत्या."

"ते मला कळतं. मालकाला रोप दिसतं." त्यानं बोटाला लागलेला देठ चोळून टाकला. "सातला येशील तर ये. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. शनिवारपर्यंत सांग."

तिनं आबांना ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाली, "थोडं लवकर निघू या का?" आबा साडेतीनला उठले.

चढाच्या मधल्या वळणावर आबांचा बूट घसरला. गाडी मागे आली. थोरलीनं सगळा जोर लावून ब्रेक दाबला आणि गाडी थांबली ती आबांच्या नडगीवर. ते चाकाखाली पाय घेऊन रस्त्यावर बसले होते. ओरडले नाहीत. तिला खाली उतरता येत होतं, पण ब्रेक सोडला असता तर गाडी त्यांच्या अंगावरून गेली असती. म्हणून ती तिथंच, हात आवळून बसून राहिली. उजाडेपर्यंत तिकडून कुणी आलं नाही.

"लागलं का हो फार?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"नाही गं. तू धरून ठेव."

मग दूधवाला आला. त्यानं चाकाखाली दगड लावला आणि आबांना बाहेर ओढलं. थोरलीचे हात ब्रेकवरून सुटेनात. त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली.

*

शनिवारी तिनं वहिनीला अंगणात समोर बसवलं. कुंपणावरच्या लिंबाच्या बारीक फांद्यांची मोळी तोडून आणली होती.

"मला नाही जमायचं वन्सं," वहिनी म्हणाली. "माझे हात भाकरी थापायचे. एवढं नाजूक काम त्यांना काय ठाऊक?"

"साल फाडायची नाही. उकलायची. आत पांढरं लाकूड दिसतं ना, त्याला चाकू लागता कामा नये."

"फाटली."

"दुसरी घे."

"तुमच्या जागी मी जाऊन बसायचं, हे मला बरं वाटत नाही."

"बसायचं कुठं? तुला वाकावं लागेल." थोरली हसली. "कंबर दुखली की माझी आठवण येईल."

वहिनी हसली नाही. तिनं पंचवीस फांद्या फाडल्या. सव्विसाव्या फांदीत डोळा नीट बसला. थोरलीनं पट्टी गुंडाळायला शिकवलं, खालून वर, पाणी आत जाऊ नये अशी. मग हाडाच्या मुठीचा चाकू दगडावर दोनदा ओढला आणि वहिनीच्या हातात दिला. मूठ थोरलीच्या अंगठ्यापाशी झिजून खोल झाली होती. वहिनीचा अंगठा त्या खळग्यात नीट बसत नव्हता.

सोमवारी वहिनी बायांबरोबर पायवाटेनं गेली. स्वयंपाक थोरलीकडे आला. आबांच्या नडगीला फळ्या बांधलेल्या होत्या. ते खाटेवर पडून छताकडे बघायचे. थोरली मधून मधून विचारायची, चहा टाकू का. ते म्हणायचे, टाक.

मुकादमानं वहिनीबरोबर निरोप पाठवला होता, पुढच्या साली बघू म्हणून. पुढच्या साली डोळे भरायला यंत्रासारखी चिमटी येणार आहे, असंही तो म्हणाल्याचं वहिनीनं सांगून टाकलं.

*

फवारणीचा हंगाम त्यांच्यावाचूनच संपला होता. आबा काठी टेकत अंगणात यायला लागल्यावर पहिलं काम त्यांनी पंपाचं काढलं. बसून बसून तीन पाण्यांनी धुतला. नळीतून हवा येईपर्यंत दांडा मारला. हवेच्या शिट्टीत त्यांच्या छातीची शिट्टी मिसळली. थोरली उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.

मग त्यांनी चांगल्या पाण्याची बादली ओढली आणि पंप गळ्यापर्यंत भरला. झाकण घट्ट केलं. दोर बांधून, दोन्ही हातांनी उचलून, भरलेला पंप खुंटीला सरळ टांगला. खुंटी किंचित वाकली. खाली भिंतीला लागून गाडी होती, पुन्हा विटांवर. अंगणात वाटेत येत होती म्हणून भावानं भिंतीकडे सारून तशी चढवून ठेवली होती.

"आबा," थोरली म्हणाली, "पंपात पाणी आहे."

"असू दे."

"वॉशर सडेल. बावीस वर्षं रिकामा ठेवलात."

आबांनी हात धोतराला पुसले. "रिकामी ठेवली की वस्तू मरते," ते म्हणाले. "पायरीवर ऐकू येतं सगळं."

तिनं सुपात मान घातली. एक खडा सापडला, तो तिनं बाजूला ठेवला.

महिनाभरानं पंप गळायला लागला. चामडं फुगून सुटलं होतं. आधी एक थेंब, मग पाठोपाठ. पाणी गाडीच्या सीटवर पडत होतं. थोरली सरकत गेली आणि तिनं सीटवर एक वाटी ठेवली. दिवसभरात वाटी भरायची. संध्याकाळी आबा काठी भिंतीला टेकवून उभे राहायचे, वाटी उचलायचे, पंपाचं झाकण उघडायचे आणि एक थेंबही सांडू न देता पाणी परत आत ओतायचे.